रिकाम्या भांड्याचा रकाना

दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघायची मला लहानपणापासून खोड. चिंचवडला आमच्या आळीत कुणाच्या चुलीवर काय आहे हे मी वासावरून सांगायची, आणि वास पुरला नाही तर सरळ आत जाऊन झाकण उचलायची. आई मला चोमडी म्हणायची. एकदा याच कारणावरून पाठीत सणसणीत धपाटाही बसला. पुढे पुण्याच्या एका इस्पितळात आहारशास्त्राचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा कळलं की याच चोमडेपणाला तिथे पाहणी म्हणतात आणि शेवटी त्याचं प्रमाणपत्रही देतात. माझ्या स्वभावाला इतकं सोयीचं काम जगात असेल असं मला वाटलं नव्हतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आहारतज्ज्ञ म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगता सांगता तोंड दुखायचं. "म्हणजे इस्पितळातली स्वयंपाकीणच ना?" असं आमच्या एका काकांनी विचारलं, आणि मुलीकडून स्वयंपाकच करवून घ्यायचा होता तर तिला इतकं शिकवलं कशाला, असं वडिलांना वर ऐकवलं. वडिलांनी नुसती मान डोलावली. त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं.

सकाळी आम्ही इस्पितळाच्या स्वयंपाकघरात असायचो. मधुमेहाच्या रोग्याचा भात तोलायचा, मूत्रपिंडाच्या रोग्याची बिनमिठाची आमटी वेगळी काढायची, आणि ती चाखून त्याच्याइतकंच वाईट तोंड करायचं. आमच्या मुख्य बाई फार कडक. कधीही समोर भाकरी धरायच्या आणि विचारायच्या, "किती?" आपण म्हणायचं, "साडेपाच औंस." मग त्या ती तागडीत टाकायच्या. महिनाभरात माझा डोळा इतका तयार झाला, की एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईच्या पानातल्या श्रीखंडाचं वजन मी मनातल्या मनात धरलं आणि तिने माझ्याकडे रागाने पाहिलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीने खेड्यात एका घरी सात दिवस राबता ठेवून, त्या घरात काय शिजतं आणि काय खाल्लं जातं ते तोलायचं होतं. मला मिळालं चाकणच्या अलीकडचं एक लहान गाव. नाशिक फाट्यावर एस.टी. पकडायची, भोसरी, मोशी मागे टाकत जायचं, इंद्रायणी ओलांडायची आणि मग बाजरीच्या शेतांमधून पायी. आज त्या वाटेवर पत्र्याच्या शेडीच शेडी आहेत. तेव्हा वाटेत विचारायलासुद्धा माणूस भेटत नसे. गावात आमच्या इस्पितळाचा दवाखाना आठवड्यातून एकदा भरायचा. त्याच्या मागच्या खोलीत तिथल्या नर्सबाईंबरोबर माझी राहायची सोय होती.

माझं घर तीन माणसांचं. पन्नाशीची सासू, तिचा मुलगा आणि सातवा महिना लागलेली सून. मुलगा पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर जायचा, पहाटे सायकल काढायचा तो दिवेलागणीला परत. मी सासूला मावशी म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची, आणि माझ्यापेक्षा दुप्पट वयाची असून अहोजाहो करायची.

सुनेची गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगितली होती. तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यातच झालं, मुठीएवढं, आणि दोन दिवसांत गेलं. आताही तिचं वजन वाढत नव्हतं. पापणी खाली ओढली की आत पांढरं. "हे मूल तरी पुऱ्या दिवसांचं आणि पुऱ्या वजनाचं व्हायला हवं," डॉक्टर म्हणाले. दवाखान्याकडे दुधाच्या भुकटीचे डबे यायचे, पण मोजकेच. ज्या गरोदर बाईच्या घरात खायला खरोखरच कमी आहे तिला डबा सुरू करायचा, आणि ते आमच्या वहीवरून ठरायचं. म्हणजे त्या सुनेच्या पोटात दूध जाणार की नाही, हे माझ्या हातात होतं. चोवीस वर्षांची होते. मला त्याचा थोडा अभिमानच वाटला, हे कबूल करते.

वहीत चार रकाने होते. पदार्थ, रिकामं भांडं, भरलेलं भांडं, उरलेलं. त्यातला रिकाम्या भांड्याचा रकाना मला अगदी कंटाळवाणा वाटे. तेच पातेलं रोज काय तोलायचं? पण मुख्य बाईंचा दंडक होता, की भांडं प्रत्येक वेळी नव्याने तोलायचं, कालचं वजन आज उतरवायचं नाही. मी पाठीमागे त्यांची नक्कल करायची आणि समोर निमूटपणे तोलायची.

पहिल्या दिवशी चुलीजवळ तागडी मांडून बसले आणि चकितच झाले. गव्हाच्या पोळ्या. वर तूप. तांब्याभर दूध, गुळाचा खडा, दोन उकडलेली अंडी. बाजरीच्या गावात गहू सणालाच दिसायचा.

"मावशी, रोज पोळ्या?"

"व्हय," मावशी म्हणाली. "आमच्यात असंच असतंय."

दुसऱ्या दिवशी दूध आणखी दाट, शेंगदाण्याचा लाडू आणि वाटीभर दही. तिसऱ्या दिवशी खीर. रात्रीच्या जेवणाला पोळी दिसली की मुलगा आधी आईकडे बघायचा आणि मग खाली मान घालून जेवायचा. मी वजनं लिहीत होते आणि चक्रावत होते. हे एवढं खाऊन या मुलीच्या पापणीत रक्त का नाही? पोटात जंत असतील? जेवून मागच्या दारी ओकत असेल? की सासू मी असेपर्यंत वाढते आणि मी गेले की ताट ओढून घेते?

हा शेवटचा संशय मला फार आवडला. त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण वाचून वाचून दुष्ट सासू डोक्यात पक्की बसलेली होती आणि ती प्रत्यक्ष सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. मी काही ना काही निमित्त काढून अवेळी त्या घरी जाऊ लागले. एकदा पेन्सिल विसरले, एकदा पाणी प्यायला. दर वेळी मावशी सुनेला म्हणत असायची, "खा गं, आजून खा." आणि सून खात असायची. ताटातलं तूप ती बोटाने निपटून चाटायची. रोज तूप खाणारं माणूस असं चाटत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण चाटण्यासाठी वहीत रकाना नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी आकडे शाईने उतरवायला घेतले. दुधाचा तांब्या. रिकामं वजन पहिल्या दिवशी चौदा औंस. दुसऱ्या दिवशी सतरा. मग साडेतेरा. आज सोळा. वाटलं, आपली तागडीच बिघडली, सगळा आठवडा पाण्यात गेला. वजनमापं उचलली आणि धावतच त्या घरी गेले. मावशी शेतावर होती. सून म्हणाली, तांब्या फळीवर हाय, घ्या.

फळीवर चार तांबे होते. मी एकेक उतरवला, तोलला. चौदा, सतरा, साडेतेरा, सोळा. तागडी अगदी बरोबर होती. मग मी तांबे उलटे केले. आपल्याकडे घरात आलेल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव टोचून घेतल्याशिवाय बाईला चैन पडत नाही, म्हणजे वाड्यावस्तीवर गेलेलं भांडं वाट चुकत नाही. चार तांब्यांवर चार नावं होती आणि त्यातलं एकही या घरातलं नव्हतं. मग मी वाट्या बघितल्या. पातेली बघितली. पोळपाटाखालीसुद्धा दुसऱ्याच घराचं नाव होतं. सून भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

बाहेर आले तर समोरच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. मला बघून तिने हाक मारली.

"बाई, आमचं तूप किती भरलं वो?"

"कुठलं तूप?"

"आता! परवा पोळीवर घातलं त्ये. माजंच हुतं की. किती भरलं?"

मी वही उघडून पाहिलं. "पाऊण औंस."

"बघ!" म्हातारी शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडली. "पाऊन!" लगेच त्या घरातून दुसरी बाई बाहेर आली आणि तिचा लाडू किती भरला ते विचारू लागली. तिसरीने खिरीचं विचारलं. पाच मिनिटांत माझ्याभोवती सगळी गल्ली जमा झाली आणि मी निकाल वाचून दाखवावा तशी वजनं वाचत उभी राहिले. जिचं वजन जास्त ती पदर सावरून इकडेतिकडे बघायची. जिचं कमी, ती म्हणायची उद्या बघा.

मी हळूच विचारलं, हे सगळं कशापायी?

"डब्यापायी," म्हातारी म्हणाली. "जिच्या घरचं वजन जास्ती भरंल तिला डबा द्यायचाय न्हवं?"

मागच्या हिवाळ्यात तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे बैल तोलले गेले आणि ज्याचा बैल सगळ्यांत भारी भरला त्याला फेटा मिळाला. आता इस्पितळातून तागडी घेऊन बाई येणार, घरोघरचं अन्न तोलणार आणि मग कुणालातरी दुधाचा डबा देणार, हे कळल्यावर गावाने आपल्या परीने अर्थ लावला. या मुलीचं एक मूल गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं. तिला डबा मिळालाच पाहिजे असं गल्लीने ठरवलं आणि पाळ्या लावल्या.

"परदर्शनाच्या आदी बैलाला सरकी चारतातच की," म्हातारीने मला समजावलं. "त्यात काय लबाडी न्हाई."

मी हसत हसत तिथून निघाले, आणि दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर माझं हसू मावळलं. माझी वही तशीच गेली तर तालुक्यातलं सगळ्यांत खाऊनपिऊन सुखी घर हेच ठरणार होतं. डबा दुसरीला. त्या बायकांनी आपल्या तोंडचं काढून या मुलीच्या ताटात घातलं होतं, आणि त्यामुळेच तिचं दूध जाणार होतं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. मग आठवलं, की शिक्षणाच्या सुरुवातीला आम्ही सराव म्हणून स्वतःच्या घरचं अन्न तोललं होतं, तेव्हा माझ्या आईने आठवडाभर दुप्पट दूध घेतलं होतं. मुख्य बाई काय म्हणतील, म्हणाली होती. मीही ते दूध हौसेने वहीत लिहिलं आणि प्यायले. मग या लोकांना कुठल्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्या दिवशी दवाखाना भरला आणि मुख्य बाई आल्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी फक्त वही ओढून घेतली आणि रिकाम्या भांड्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"या घराची स्वतःची भांडी कुठली ते माहीत आहे तुला?"

"हो."

"मग त्या भांड्यांतलं तेवढं वेगळं काढ."

आम्ही दोघी ओट्यावर बसून एकेक ओळ बघत गेलो. परक्या तांब्यातलं दूध गेलं. पोळ्या, तूप, गूळ, लाडू, दही, खीर, अंडी गेली. उरली ती बाजरीची भाकरी, पातळ आमटी, वाटलेली मिरची आणि बांधावरची भाजी, तीन माणसांत मिळून. दुधापुढे शून्य. मुख्य बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि उठून डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डबा ठरला होता.

"नियमाप्रमाणे हा आठवडा बाद," त्या मला म्हणाल्या. "तुला दुसऱ्या गावी पुन्हा सात दिवस करावे लागतील. प्रमाणपत्र लांबेल."

"चालेल."

"आणि इथलं वजन आजपासून थांबव."

मी म्हटलं, "बाई, मी थांबले की भांडी थांबतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी काही ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि जीपकडे निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल करणं सोडलं.

मग मी गल्लीत जाहीर केलं की डबा मिळाला आहे, पण वजन बाळंतपणापर्यंत चालणार, दर रविवारी. गल्लीने जिंकल्याच्या आनंदात ते लगेच मान्य केलं. मी चिंचवडहून दर रविवारी तागडी घेऊन जायची, सुनेचं ताट तोलायची, आठवडाभरात कुणाकडून काय आलं ते लिहून घ्यायची आणि ओट्यावर उभी राहून वजनं मोठ्याने वाचायची. पण दुसऱ्याच रविवारी मला ती तूपवाली म्हातारी कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खाताना दिसली. एकीचं पोट भरायला मी सगळी गल्ली उपाशी ठेवत होते की काय?

तेव्हा कुठे मला माझं शास्त्र आठवलं. मी सांगितलं, वहीचा नियम बदलला आहे. आता तुपाला मार्क कमी आणि पालेभाजीला जास्त. मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, यांना सगळ्यात जास्त. "पाल्याला?" म्हातारीचा विश्वास बसेना. "पाला तर आमी शेळीला टाकतो." मी म्हटलं, "म्हणून तर शेळी तुमच्यापेक्षा टुणटुणीत आहे." पुढच्या रविवारी शेवग्याच्या पाल्याची भाजी इतकी आली की तागडीत मावेना. त्या भाजीसाठी कुणाच्या घरचं काही कमी होत नव्हतं. पुस्तकातला रक्त वाढवणाऱ्या पदार्थांचा धडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो खरा कळला त्या गल्लीत. सुनेचं वजन चढू लागलं. पापणीच्या आत गुलाबी दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, डबा चांगला लागू पडला. मी हो म्हटलं.

मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, पावणेसहा पौंडांची, आणि रडायला लागली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजाची. मी बाराव्या दिवशी गेले. बायकांनी मला बाळ दाखवलं, जसं काही त्यांनी सगळ्यांनी मिळून ते वळून तयार केलं होतं. दुपारी त्या पांगल्या. सून आत बाळाला घेऊन पडली होती. मावशी माझ्यासमोर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"बाई, त्या वहीत आमचं घर समद्यांत खाली हुतं ना?"

मी दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकत नव्हतं.

"डबा आनाया गेले तवा कंपौंडरनं सांगितलं. म्हनला, ज्यांच्या घरात काय न्हाई त्यान्लाच देतोय आमी. मला त्याच दिशी कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, मावशी?"

"बोलले असते तर वाट्या आल्या असत्या व्हय?" ती म्हणाली. "तुमी रईवारी वजनं वाचायच्या, आन बाया म्हनायच्या, आमच्यामुळं जितली. मी हासायची. लई जड जायचं."

त्या बाईने पहिल्या दिवशी ताठ मानेने "आमच्यात असंच असतंय" म्हटलं होतं, आणि तिच्याकडे मी चोर पकडायच्या नजरेने पाहिलं होतं. गल्लीला फसवतेय ती मी एकटी, असं मी तीन महिने समजत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

"गल्लीत सांगू नका," ती म्हणाली. मी नाही सांगणार म्हटलं. मग अगदी उशिरा, जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो मी विचारला.

"मावशी, सगळं तिच्या ताटात जात होतं. तुम्ही काय खात होतात?"

"माजं कुटं लिव्हायचं हुतं?" ती म्हणाली, आणि बाळ रडायला लागलं म्हणून उठून आत गेली.